शक्यता साठ टक्के

एप्रिल उतरणीला लागला की माझ्याकडे दोन भविष्यं मागितली जातात. पहिलं पुण्याहून, ईमेलनं. यंदा जिल्ह्यात किती मोटारी, किती गिअरबॉक्स आणि किती ड्राइव्ह खपतील ते ग्राहकागणिक, महिन्यागणिक, रकमेसकट आणि शक्यतेच्या टक्केवारीसकट शुक्रवारच्या आत भरून पाठवा. दुसरं घरून, बाबांकडून. "भेंडवळले जाशीन न तू? जाशीन त नीट ऐकून ये. मांगच्या खेपीसारखं अर्धवट नको."

माझ्या कार्डावर 'टेक्निकल सेल्स इंजिनिअर' असं छापलेलं आहे. या तीन शब्दांपैकी कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. कॉलेजचे मित्र भेटले की 'टेक्निकल', बँकेत कर्ज काढताना 'इंजिनिअर', आणि पुण्याला मीटिंगमध्ये फक्त 'सेल्स'. लग्नाच्या बैठकीत बायकोच्या मामांनी मात्र तिन्ही शब्द सुटे करून जमिनीवर मांडले. "म्हणजे मशीन बनवता का विकता?" विकतो. "मग इंजिनिअर कशाला पाहिजे?" काय विकतोय ते आपल्याला कळावं म्हणून. "आन् बिघडली त?" तर मीच येतो. मामांनी सुपारी कातरता कातरता निकाल दिला, "म्हणजे मध्यस्थ!" लग्न जमवून देणाऱ्या माणसाला आमच्याकडे मध्यस्थ म्हणतात. संसार नीट चालला तर त्याला कुणी विचारत नाही, भांडी वाजली की पहिला फोन त्याला जातो. हुद्द्याची इतकी नेमकी व्याख्या आमच्या एचआरलासुद्धा जमलेली नाही.

मामा चिखलीकडचे, म्हणजे घाटावरचे. बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा असले तरी माणसं दोनच प्रकारची, घाटावरची आणि घाटाखालची. वरती बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. खाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. वर हवा बरी, म्हणून इंग्रजांनी कचेरी वर नेली. खाली काळी माती आणि कापूस, म्हणून त्यांनी रेल्वे खाली आणली. मी खामगावला राहतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधल्या पॅनलसमोर उभा राहून मी ग्राहकाला सांगतो की आमचा ड्राइव्ह पन्नास अंशांपर्यंत चालतो, तेव्हा तो माझ्या शर्टाकडे पाहून विचारतो, "ड्राइव्ह चालीन हो, तुमचं काय?"

आठवड्यातून दोनदा बोथ्याच्या घाटानं वर-खाली करावं लागतं. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. २०१९ साली इथे एक पाहुणा आला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला वाघ तेलंगणात डोकावून, शेतं-नाले-हमरस्ते ओलांडत, तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याचं पाऊल न् पाऊल नोंदलं गेलं. पुढे त्याच्या एकूण चालीची बेरीज तीन हजारांच्या घरात गेली. जाणकारांच्या मते तो जागा, भक्ष्य आणि जोडीदारीण शोधत होता. जागा मिळाली, भक्ष्य मिळालं, जोडीदारीण काही ज्ञानगंगेत नव्हती. मला तर ते सगळं वर्णन आमच्या टूर रिपोर्टसारखं वाटलं. भेटी झाल्या, चहापाणी झालं, ऑर्डर नाही. त्याच सुमारास कंपनीनं आमच्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. आता पुण्याहून विचारणा होते, 'बोथा घाटात आपण चाळीस मिनिटं थांबलात, ग्राहकाचं नाव भरलेलं नाही.' ग्राहक कसला, पंक्चर होतं. वाघाला निदान असला मेल आला नसेल.

तर फोरकास्ट. पुण्याच्या त्या तक्त्यात 'शक्यता टक्के' नावाचा एक रकाना आहे आणि तो रिकामा सोडला तर तक्ता पुढे सरकतच नाही. पहिल्या वर्षी मी तो प्रामाणिकपणे भरायला बसलो आणि लक्षात आलं की माझ्या ग्राहकांपैकी कुणीही आजवर आकड्यात बोललेला नाही. इकडे नाही म्हणायची पद्धतच नाही. नाही म्हणणं म्हणजे माणूस तोडणं. त्यामुळे हळूहळू मी एक कोश तयार केला. 'पाहू' म्हणजे दहा टक्के. 'दिवाळी होऊ द्या' म्हणजे तेवढंच, फक्त कोणत्या दिवाळीबद्दल बोलणं चाललंय ते विचारायचं नाही. 'कोटेशन टाकून ठेवा' याला लोक पंचवीस देतात, मी पंधराच देतो, कारण ते कोटेशन माझ्या प्रतिस्पर्ध्याचा भाव पाडायला वापरलं जाणार असतं. 'मोठे भाऊ गावाले गेले' म्हणजे मोठे भाऊ आतल्या खोलीत बसून ऐकत आहेत. 'फायनल काय लावता?' आलं की साठ. आणि शेठनं विषय बदलून, अगदी सहज, 'जुनी मोटार परत घेता का?' असं विचारलं की मी मनातल्या मनात नव्वद लिहून टाकतो. जुन्याचं काय करायचं हे माणूस नवं ठरवल्यावरच विचारतो.

चहाचाही हिशेब असतो. पहिला चहा शिष्टाचाराचा, त्याला टक्के नाहीत. दुसरा चहा शेठनं स्वतः ओरडून मागवला तर पाच टक्के वाढवायला हरकत नाही. तिसऱ्या चहानंतर मात्र सावध व्हावं, बहुधा उधारीचा विषय निघणार असतो.

हे सगळं पुण्याला कळवण्याची सोय नाही. तिथे टक्क्यांच्या मागे 'आधार' लिहावा लागतो आणि 'शेठनं जुन्या मोटारीची चौकशी केली' हा आधार त्यांच्या यादीत नाही. त्यांना मी शेगावची कचोरी नेतो. तेवढ्यापुरता माझ्या आकड्यांवर विश्वास बसतो.

आकड्यांवर माझा स्वतःचा विश्वास एकेकाळी फार होता. तो कुठे आणि किती वाजता उतरला, तेही मला ठाऊक आहे. खामगावच्या अलीकडे एक जिनिंग आहे. सरकीपासून सुटलेली रुई तिथे पाइपातून, पंख्याच्या हवेवर, प्रेसकडे जाते. पंख्याला तीस अश्वशक्तीची मोटार. दिवाळीनंतर सुरू झाली की सीझनभर ती पूर्ण वेगानं घरघरत असते आणि तिच्या विजेच्या बिलानं शेठची झोप उडालेली असते. मला याहून चांगला ग्राहक कुठला? मी कागद घेतला आणि त्यांना पंख्याचा नियम समजावून सांगितला. पंख्याचा वेग कमी केला की हवा त्याच प्रमाणात कमी होते, पण वीज त्याच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. वेग ऐंशी टक्के केला तर ऐंशी गुणिले ऐंशी गुणिले ऐंशी, म्हणजे वीज राहते एक्कावन्न टक्के. निम्मी! मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह बसवा, पन्नास हर्ट्झच्या जागी चाळीसवर चालवा, दीड वर्षात पैसे वसूल. शेठनी गणकयंत्रावर तो घन तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा एक्कावन्नच आला. त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो मी भावाच्या घासाघिशीत कधी पाहिला नव्हता.

कोपऱ्यात मिस्त्रीचाचा बसले होते. पन्नास-एक सीझन पाहिलेला माणूस, कानावर बिडी, खिशाला लांब पेचकस. ते एवढंच म्हणाले, "साहेब, वीज कमी होईन, समजलं. रुईले कोन सांगीन?"

मी हसलो. ते हसू आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

ड्राइव्ह बसला. चाळीस हर्ट्झ लावले. पंख्याचा आवाज मऊ झाला, मीटरचा आकडा खाली आला, शेठनी पेढे मागवायला माणूस पाठवला. पेढे यायच्या आधी चाचा उठले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी पाइपाच्या कोपराशी तळहात ठेवला, मग पेचकसाचं टोक पाइपाला आणि मूठ कानाला लावली, आणि दुसऱ्या हातानं जिन चालवणाऱ्या पोरांना थांबा अशी खूण केली. पाइप जिथे वळतो तिथे रुई बसायला लागली होती. हवेला वेग असेल तोवर रुई तरंगते. वेग पडला की ती आधी कोपऱ्यात टेकते, मग तिच्यावर दुसरी टेकते, आणि मग बाजाराच्या दिवशीच्या एसटीसारखं सगळं चोंदतं. झडप उघडून चाचांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. मीही घातला. माझ्या पांढऱ्या शर्टाची बाही आणि कंपनीचं चिन्ह त्या पाइपात गेलं. आतून गोधडीएवढा गठ्ठा निघाला, गरम, जिवंत प्राण्यासारखा. दोन तास गेले. तेवढ्यात पेढे आले.

शेठ रागावले नाहीत, ते बरं झालं नाही. रागावलेल्या माणसाला समजावता येतं. ते गणकयंत्र घेऊन बसले आणि म्हणाले, "साहेब, तुमचा घन बरोबर हाय. माह्या दोन तासाच्या गाठी कोठी हायत?" एक गाठ १७० किलोची. पुढचा गुणाकार त्यांनी मला करायला लावला.

मग आम्ही उलटीकडून निघालो. बेचाळीस. चाचांनी पेचकस लावला, मान हलवली, नाही. चव्वेचाळीस. जरा वेळ ऐकलं, नाही. सेहेचाळीसवर त्यांनी पेचकस खिशाला लावला आणि कानावरची बिडी काढून हातात घेतली. ती ओढायला ते फाटकाबाहेर गेले, कारण जिनात काडी पेटवणं म्हणजे सीझन पेटवणं. जाताना पॅनलच्या दारावर खडूनं '४६' लिहून गेले. सेहेचाळीस हर्ट्झ म्हणजे ब्याण्णव टक्के वेग, त्याचा घन अठ्ठ्याहत्तर. वाचले बावीस टक्के. माझा दीड वर्षाचा हिशेब साडेतीन वर्षांजवळ गेला. तो खडूचा आकडा अजून तिथे आहे, दरवर्षी पूजेच्या आधी पॅनल पुसतात तेव्हा तेवढी जागा सोडून पुसतात.

पुढच्या सीझनला त्याच शेठनी सरकीच्या लाइनीसाठी दुसरा ड्राइव्ह घेतला. मला राहवलं नाही. दुसरी कंपनी स्वस्त देत होती, मग माझ्याकडून का? शेठ म्हणाले, "तो म्हनते पस्तीसवर चालवून दाखवतो. त्यानं पाइपात हात घातल्यासारखा दिसत नाही."

कधीकधी जलंबला फाटकाशी गाडी थांबली की मला या धंद्यातल्या माझ्या पणजोबांची आठवण येते. सख्ख्या नव्हे, पेशातल्या. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. युद्ध संपलं तरी वळलेलं तोंड काही काळ तसंच राहिलं. जलंबपासून खामगावपर्यंतचा छोटा रेल्वेफाटा त्या कापसासाठीच टाकलेला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला खामगावात आला होता. मॅकार्थी नावाच्या अमेरिकन माणसानं १८४० मध्ये पेटंट घेतलेला रोलर जिन आणि ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं या देशात आली ती त्याच काळात. आता यंत्रं काही आपली आपण चालत येत नाहीत. कुणीतरी ती विकली असणार. आगबोटीतून उतरलेला, उन्हानं लाल झालेला, गळ्याशी कॉलर आवळलेला कुणीतरी इंजिनिअर खामगावच्या एखाद्या आडतीत बसून चाकू आणि रोलर यांच्यातल्या फटीचं महत्त्व सांगत असेल आणि समोरचा शेठ 'पाहू' म्हणत असेल. त्यानं लँकेशायरला पत्र लिहिलं असेल, 'मिस्टर अमुक हॅज प्रॉमिस्ड टु सी.' तिकडून दोन महिन्यांनी उत्तर आलं असेल, शक्यता किती? त्याच्याही आधी कुठल्यातरी चाचानं यंत्राला कान लावून मान हलवली असणार याबद्दल मला तरी शंका नाही. फक्त पेचकस कुठून आणला असेल, तेवढंच कोडं आहे.

बाबांच्या शेतात एकरभर सोयाबीन, बाकी कापूस. तो कापूस व्यापाऱ्याकडून फिरत फिरत कुठल्या जिनात जातो हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. पण पाऊस लांबला की त्यांचं बियाणं दुबार पेरावं लागतं, कापूस उशिरा येतो, जिन उशिरा सुरू होतं, शेठ 'पाहू' म्हणतात आणि पुण्याच्या पडद्यावर माझ्या नावाची रेघ लाल होते. तिथे त्याला 'मार्केट सेंटिमेंट' म्हणतात. आमच्याकडे मृग कोरडा गेला म्हणतात.

म्हणून अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी भेंडवळला जातो. बाबांसाठी जातो असं मी सांगतो. जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव, आणि घटमांडणीची ही रीत तीनशेहून अधिक वर्षांची म्हणून सांगतात. वाघ घराण्यातले लोक ती करतात. तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट आखतात, कडेनं अठरा प्रकारची धान्यं मांडतात, त्यात सरकीही असते. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यावर पाण्यानं भरलेली घागर आणि तिच्यावर पापड, वडा, कुरडई, पुरी. विड्याचं पान आणि सुपारी म्हणजे राजा आणि त्याची गादी. रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे पाहतात, कोणतं धान्य जागचं हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, सुपारी सरकली का. त्यावरून पाऊस, पीक, भाव आणि दिल्लीची गादी, सगळं एका दमात सांगून होतं. याला शास्त्रीय आधार नाही असं अंनिसवाले दरवर्षी सांगतात आणि त्यांचं बरोबर आहे. बाबाही ते मान्य करतात आणि मला पाठवतात.

यंदा पहाटे चारला निघालो. नांदुऱ्याला हायवेकडेचा एकशे पाच फुटांचा हनुमान अंधारात काळाभोर उभा होता. पूर्णा ओलांडली तेव्हा तांबडं फुटत होतं. शेतात हजारेक माणसं, गुपचूप. घाटावरचे, घाटाखालचे, सातपुड्याच्या पायथ्याचे. मी मनात म्हटलं, या लोकांची एक गोष्ट मान्य करायला हवी. हे निदान रात्रभर ढेकूळ भिजू देतात. मी माझा तक्ता दुपारच्या जेवणानंतर वीस मिनिटांत भरतो. शिवाय भाकीत सांगणारा वर्षभर याच गावात राहतो. चुकलं तर ऐकवायला लोक त्याच्या दारात येऊ शकतात. आमचा तक्ता जिथे वाचला जातो तिथे जायला एसटीचं तिकीट काढावं लागतं.

गर्दीत डोळे फिरवले तर ओळखीचे चेहरे दिसले. आमच्या त्याच शेठचे मुनीमजी, डोक्याला रुमाल, हातात छोटी वही. बियाण्यांच्या कंपनीचे दोघे. एका ट्रॅक्टर एजन्सीचा पोरगा. आणि रांगेच्या टोकाला, टोपी पुढे ओढून, पस्तीस हर्ट्झवाला. आमची नजरानजर झाली. धंद्यातल्या दोन माणसांनी जशी मान हलवायची तशी आम्ही हलवली, तू इथे दिसलाच नाहीस अशी.

वाचन सुरू झालं. जून कमी, जुलै बरा. कापूस 'मोघम' असं म्हटल्यावर माणसांतून एक सुस्कारा गेला. मोघमचा अर्थ काय, यावर माझ्या पुढचे दोन म्हातारे तिथेच वादाला लागले. एकाच्या मते पीक बरं, भाव पडेल. दुसऱ्याच्या मते पीक पडेल, भाव बरा. मुनीमजींनी वहीत काहीतरी लिहिलं आणि लगेच हाताआड झाकलं.

जळगाव जामोदच्या टपरीवर चहा घेताना पस्तीस हर्ट्झवाला बाजूला येऊन उभा राहिला. बशीत चहा ओतत त्यानं विचारलं, "मोघमले तुमी किती धरता?"

"साठ," मी म्हणालो.

"मी पन्नास धरलं होतं," तो म्हणाला, आणि फोन काढून दुरुस्ती करायला लागला.

सव्वानऊला पुण्याचा फोन आला. तक्ता मिळाला, कापूस हंगामाचे आकडे या वेळी विचार करून भरलेले दिसतात, पण 'आधार'चा रकाना रिकामा आहे. काय लिहू?

"फील्ड सर्व्हे," मी म्हणालो.

"सँपल साइज?"

मी टपरीवरून मागे पाहिलं. शेताकडून येणाऱ्या माणसांची रांग अजून संपलेली नव्हती.

"हजारेक असतील," मी म्हणालो, आणि बाबांना फोन लावला.